कोणत्या पाण्याचे?

नवा मराठी माणूस भेटला की आपण त्याला गाव विचारतो, आडनाव विचारतो आणि त्यावरून त्याची कुंडली मांडतो. बोरकुटेकाका यातलं काहीच विचारत नसत. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत, म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, थेट दातांकडे, आणि विचारत, "तुमी कोनत्या पान्याचे?"

मला हा प्रश्न मनाम्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बहारीनला आले होते आणि एका खासगी दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. लोकांच्या तोंडात बघण्याचा परवाना माझ्याकडे, आणि हे गृहस्थ माझ्याच तोंडात डोकावत होते. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी जरा विचार करून निकाल दिला की दात चांगले, बोलणं जास्त. दोन्ही खरं असल्यामुळे मला राग आला.

काका यवतमाळकडचे. बाब अल बहरीन या बाजाराच्या कमानीमागच्या गल्लीत रत्नागिरीच्या दाऊदभाईंचं कापडाचं दुकान होतं, तिथे ते हिशेबनीस होते. पगार फॅमिली व्हिसाएवढा नव्हता, म्हणून बायको आणि मुलगी गावी, आणि हे आमच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत. कोणाकडेही जेवायला गेले तरी पाण्याची बाटली स्वतःची न्यायचे. आमच्या घरची बिर्याणी याला चालते, फक्त पाण्याचंच सोवळं, असं दाऊदभाई सगळ्यांना हसत सांगायचे.

टूथपेस्टला ते हात लावत नसत, कारण तिच्यात फ्लोराइड असतं. त्यांच्यासाठी गावाहून राखुंडीचे डबे यायचे. एकदा विमानतळावर ती काळी पूड बघून अधिकाऱ्याने त्यांना बाजूला घेतलं. काकांनी तिथेच बोटावर राखुंडी घेऊन दात घासून दाखवले, चूळ भरायला पाणी मागितलं आणि मिळालेलं पाणी कुठून येतं याची चौकशी सुरू केली. अधिकाऱ्याने डबा त्यांच्या हातात कोंबला आणि 'यल्ला, यल्ला' करत त्यांना बाहेर काढलं.

इथवर सगळं मजेचंच होतं. मग नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं की नाही, ही चर्चा निघाली.

तिथलं पाणी बरंचसं समुद्राचं, मीठ काढून गोड केलेलं. मीठ काढताना त्याच्याबरोबर पाण्यातलं बाकीचंही बरंच काही जातं. त्यात गोळ्या, चॉकलेटं आणि दिवसभर कोला. माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांच्या दाढा किडून काळ्या पडलेल्या असत. इंग्रजी पेपरात वाचकांची बाजूने-विरुद्ध पत्रं येऊ लागली, तेव्हा मराठी मंडळींनी एका शुक्रवारी माझं भाषण ठेवलं. मी चित्रं दाखवली, आकडे दाखवले, टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या रांगेतून काका उठले.

"डाक्टर औषध देते तं आधी वय विचारते, वजन विचारते," ते म्हणाले. "नळ कोनाले काय विचारते?"

लोक हसले. मी प्रमाण ठरवलेलं असतं, गरम देशात ते कमी ठेवतात, वगैरे सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं की एसीत बसणारा दिवसभरात किती पाणी पितो आणि तिकडे हिद्द गावात उन्हात पाइप टाकणारा किती पितो, आणि दोघांचं प्रमाण एकच कसं? प्रश्न चांगला होता. पण मी पुण्याच्या पाण्याची असल्यामुळे चांगल्या प्रश्नालाही तिरकस उत्तर दिलं. राखुंडीने घासलेल्या दातांनी विज्ञान चावायला जाऊ नये, असं काहीतरी म्हणाले. सभा खूश झाली. काका खाली बसले, आणि त्या दिवसापासून जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत वर जाऊ लागले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी रेखा व्हिजिट व्हिसावर आली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या माणसाने माझी वेळ घेतली ती दवाखान्यात फोन करून, परक्यासारखी.

रेखा गावच्या शाळेत शिकवत होती. ओठ मिटूनच तिने नमस्कार केला. खुर्चीत बसून तिने तोंड उघडलं आणि मी शिकताना पुस्तकात पाहिलं होतं ते समोर आलं. पुढच्या सगळ्या दातांवर तपकिरी पट्टे आणि बारीक खड्डे. फ्लोराइड फार झालं की असं होतं, आणि ते लहानपणी, दात तयार होत असतानाच होतं.

काका दाराशी उभे होते. माझ्याकडे बघायचं टाळत त्यांनी सांगून टाकलं. मोठ्या दुष्काळात विहिरी आटल्या. बायको गरोदर, आणि पाणी लांबून आणावं लागे. यांनी तालुक्याला खेटे घालून सरकारी बोअर मंजूर करून आणली, ती आपल्या दाराजवळच. पाणी लागलं त्या दिवशी गावाने यांना हार घातला. पुढे जन्मलेल्या पोरांचे दात असे आले, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडले, आणि कारण कळेपर्यंत रेखा शाळेत जायला लागली होती.

"पानी गोड होतं, बाई," ते म्हणाले. "चवीनं काहीच समजलं नाही. माह्या हातानं आनलं ते."

लग्नासाठी लोक तिला बघायला येतात, काहीतरी करा, एवढं कसंबसं बोलून ते बाहेर जाऊन बसले. मला माझ्या त्या वाक्याची मनापासून लाज वाटली. तिथल्या मुलांना थोडं फ्लोराइड हवं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण थोडं म्हणजे किती, हे माझ्यासाठी तोवर पुस्तकातलं होतं आणि त्यांच्या घरी ते रोज समोर बसून जेवत होतं.

मी रेखाला म्हटलं, वरून पांढरा थर देता येईल, लग्न जमायला अडचण येणार नाही.

"बघायला येणाऱ्यांचं जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "गावात निम्म्या पोरींचे असेच आहेत, आम्ही एकमेकींत हसतो. पण बाबा सुट्टीवर आले आणि मी हसले, की ते मान फिरवतात. म्हणून मी त्यांच्यासमोर हसणंच सोडलं. त्यांच्यासाठी करा."

त्या दिवशी पुढचे दोनच दात झाले. शेजारचे तसेच तपकिरी होते. रेखा बाहेर गेली, बाकावर बसलेल्या वडिलांसमोर उभी राहिली आणि तिने त्यांना हाक मारली. त्यांनी मान वर केली. ती आधी लाजत आणि मग सगळे दात दाखवून हसली, पांढरे आणि तपकिरी दोन्ही.

बाकीचे दात पुढच्या आठवड्यात करू, हे मी सांगत होते. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि डोळे भरले तरी त्यांनी मान फिरवली नाही.

"बाई," ते मला म्हणाले, "हे तं माह्या मायसारखी हासते."