अरुंधतीबाईंच्या हातातली दोरी

"बसण्याआधी चप्पल झटक," गंगाधरराव म्हणाले. अरुंधतीबाईंनी ती मुकाट्यानं झटकली. सहा वर्षांत नवऱ्याच्या या गाडीत बसायचा मान त्यांना तिसऱ्यांदाच मिळत होता.

गाडी एकोणीसशे सदुसष्ट सालची. लाल, वरून उघडी, दोनच माणसांची. गंगाधररावांनी ती तळेगावजवळच्या एका पोल्ट्रीतून बाहेर काढली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. कारखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं मग तिचा एकेक नट उघडला, घासला, परत बसवला. आज अकरा वाजता लोणावळ्यात तिची तपासणी होती. पास झाली, तरच जुन्या गाड्यांच्या फेरीत तिला जागा मिळणार होती.

कामशेत मागे पडलं आणि ॲक्सिलरेटर पायाखाली एकदम मऊ झाला. कितीही दाबला तरी वेग येईना. गाडी कशीबशी कडेला लागली. गंगाधररावांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं.

"ॲक्सिलरेटरची केबल तुटली."

"सगळं तपासलं होतंत ना?"

"ही मूळची होती. चांगली दिसत होती, म्हणून ठेवली."

शेजारीच आंदर मावळातला शिदू नावाचा शेतकरी बसची वाट बघत उभा होता. बाजारातून बैलांसाठी आणलेल्या दोऱ्या त्याच्या खांद्यावर होत्या. तोही येऊन वाकला.

"आबा, म्हंजी ह्यो खटका वढला का इंजान पळतंय?"

"हो."

"मग दोरी बांधा की."

"अहो, या गाडीला सगळं मूळचंच लागतं."

"मग बसा हितंच. आमचा मावळ बी मूळचाच हाय."

घड्याळात दहा वीस झाले होते. गंगाधररावांनी दोरी घेतली. शिदूनं खटक्याला तिची बारीकशी गाठ मारली. दोरी बॉनेटच्या फटीतून निघाली, काचेवरून आली आणि अरुंधतीबाईंच्या मांडीवर पडली.

"स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, गिअर मी बघतो. तू फक्त दोरी."

"फक्त," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"मावशी, ध्यानात ठिवा," शिदूनं बजावलं. "बैलाची वढली का त्यो थांबतोय. हितं वढली का पळतंय."

गाडी बेडकासारखी उडाली.

"सोड. सोड म्हणतो ना."

"सोडली."

"एवढी नको सोडूस, बंद पडेल."

"मग किती ते नीट सांगा."

"मघाशी होती त्याच्या निम्मी."

दोन वेळा गाडी बंद पडली. एकदा एका टेम्पोवाल्यानं शेजारून जाताना हात जोडले. कार्ल्याच्या फाट्याशी अरुंधतीबाई म्हणाल्या, "आता तुम्ही बोलू नका. मला ऐकू द्या."

तीस वर्षं त्यांनी शाळेत गाणं शिकवलं होतं. चाळीस पोरांमधून एक बेसूर गळा त्या पाठ फिरवून ओळखत. त्यांनी इंजिनाचा सूर पकडला. तो उतरू लागला की दोरी जरा ओढायची, चढला की सैल. गंगाधररावांचा पाय क्लचकडे वळला की दोरी आपोआप ढिली पडे. चढ आला, वळण आलं, गाडीनं एकदाही आचका दिला नाही. गंगाधररावांनी तोंड मिटून ठेवलं. गाडी चालवण्यापेक्षा ते काम अवघड होतं.

लोणावळ्याच्या मैदानावर तपासनीस राजेंद्र यांनी दिवे, टायर, ब्रेक पाहिले. गाडीखाली शिरून आले. मग काचेवरच्या दोरीकडे बोट केलं. गंगाधररावांनी खरं ते सांगितलं.

"मैदानावर एक फेरी मला स्वतः मारावी लागेल. नियम आहे," म्हणत राजेंद्र चालकाच्या जागी बसले.

शेजारी एकच सीट होती. गंगाधररावांनी तिच्या दाराला हात घातला. "मी धरतो दोरी."

"धराल हो," सीटवरून न हलता अरुंधतीबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला सोडता येईल का?"

राजेंद्र म्हणाले, "बाईंनाच राहू द्या."

गाडी निघाली. गंगाधरराव कडेला उभे राहिले. सहा वर्षं ते या गाडीच्या आत तरी होते, नाहीतर खाली. ती आपल्यापासून दूर जाताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लाल ठिपका वळला आणि आवाज त्यांच्यापर्यंत आला. भरदार, एकसंध, कुठं खडखड नाही. त्यांनी खिशातून फडकं काढून चष्मा पुसला. फडकं ऑइलचं होतं. मग काहीच दिसेना, नुसतं ऐकू येत राहिलं.

गाडी परत येऊन थांबली. राजेंद्र यांनी कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि एका ठिकाणी फुली मारली. "इंजिन फार सुरेख बांधलंय. नवी केबल घालून गुरुवारी आणा, फेरीत घेऊ."

अरुंधतीबाई दार उघडू लागल्या.

"उतरू नकोस," गंगाधरराव म्हणाले.

"का? आता काय राहिलं?"

गंगाधररावांनी राजेंद्र यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, नियमात बसत असेल तर अजून एक फेरी मारून या. मी इथंच उभा राहतो."