खुली आई

निशिकांत धामणस्करने कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला न विचारता मुक्त परवान्याचा कोड जोडला, आणि त्यामुळे त्याच्या आठवणी सार्वजनिक झाल्या.

परवान्याची अट साधी होती. कोड कोणीही फुकट वापरावा, पण तो ज्याला जोडला जाईल तेही सगळ्यांसाठी खुलं करावं. आपलं सॉफ्टवेअर खुलं करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. कायदा विभागाच्या दाभाडेबाईंनी त्याला बोलावून चहा मागवला.

"जोडणी तुम्हीच डोक्यातून लिहिलीत ना?"

"हो."

"म्हणजे कोड तुमच्या डोक्याला जोडला गेला. तुम्ही खुले झालात की अट पूर्ण होते. कामाच्या आठवणी मात्र कंपनीच्या मालकीच्या. त्या आम्ही काढून घेऊ."

नोकरी टिकणार होती. त्याने सही केली.

ऑफिसातली सगळी वर्षं डोक्यातून गेली. उरलेल्या आठवणींच्या प्रती लोक नेऊ लागले. सगळ्यात जास्त मागणी त्याच्या आईला होती. ती आदल्या वर्षी वारली होती. आई नसलेल्यांनी तिला नेलं, एका नाटकमंडळीने तालमीसाठी नेलं. सुधारणा करायलाही परवान्यात मुभा होती, फक्त मूळ नावासोबत सुधारणा करणाऱ्याचंही नाव घ्यायची अट होती. कोणाला ती फार तुसडी वाटली, त्याने तिला मवाळ केलं. कोणी तिचा खोकला काढून टाकला. या सुधारणा निशिकांतकडे परत येत आणि डोक्यात मुकाट्याने बसत.

एकदा जेवताना त्याने बायकोला विचारलं, "मीनल, आई शेवटचं काय म्हणाली गं? मला नुसतं तिचं हसणं आठवतंय."

मीनलने घास खाली ठेवला. "हसल्या कुठे? तुझ्यावर चिडल्या होत्या. तूच सांगितलंस मला. ऑफिसातून उशिरा पोचलास म्हणून काहीतरी बोलल्या. काय ते तू सांगितलं नाहीस."

तो दुसऱ्या दिवशी दाभाडेबाईंकडे गेला. "मला ते बोलणं परत हवंय. कसंही असलं तरी."

बाईंनी तपासून पाहिलं. "आहे आमच्याकडे. पण उशीर कामामुळे झाला होता. तो भाग कंपनीचा आहे, बाहेर देता येत नाही."

"मी कंपनीतच आहे."

"म्हणूनच तुम्हाला एवढं तरी सांगितलं, धामणस्कर."

वर्षश्राद्धाला गुरुजींनी आईचं नाव घेतलं. मग अटीप्रमाणे तिच्यात सुधारणा करणाऱ्यांची नावं घेतली. ती संपेपर्यंत पानावरचा भात गार झाला. एका परदेशी नावावर गुरुजी अडखळले, तेव्हा निशिकांतने पुढे वाकून त्याचा उच्चार हळूच सांगितला.