क्रोथरसाहेबांना दोन साक्षीदार हवेत

यॉर्कशरमधल्या आमच्या गावात बार्नाबी क्रोथर यांच्या प्रकृतीची चौकशी करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होता. लोकरीची गिरणी, टेकडीवरचे घर, दगडाची खाण, पाच शेते आणि पोटी मूल नाही. अशा माणसाचा खोकला खासगी राहत नाही.

मी सायलस विगिन, वकील ग्रिमशॉ यांचा कारकून. क्रोथरसाहेबांचे कागद माझ्याच हातून जात, त्यामुळे त्यांची एक सवय मला चांगली ठाऊक होती. भेटेल त्याला ते, जणू आत मृत्युपत्रच आहे असे, कोटाच्या खिशावर थोपटून म्हणत, "तुला विसरलेलो नाही हां!" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सगळे गाव चालवले. पुतण्या पर्सिव्हल त्यांच्या विनोदांना ते सांगून व्हायच्या आधीच हसे. पाद्रीबुवांचे प्रवचन त्यांच्या डुलकीच्या मापाचे असे. वादळात उडालेली त्यांची टोपी मी एकदा चिखलातून काढून दिली, तेव्हा ते वाक्य माझ्याही वाट्याला आले. त्याला तेरा वर्षे झाली होती आणि मी ते अजून जपून होतो.

आता थोडा कायदा. राणीसाहेब गादीवर आल्या त्याच वर्षी पार्लमेंटने ठरवून दिले, की मृत्युपत्राला दोन साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. आणि जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला, किंवा त्याच्या बायकोला वा नवऱ्याला, त्या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. लबाडीला आळा बसावा हा त्यामागचा उदात्त हेतू होता.

अठराशे चौसष्ट सालच्या नोव्हेंबरात एका मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत आवरून घ्या," आणि स्वतः घाईने निघून गेले. क्रोथरसाहेबांनी कागद मागवला, स्वतःच्या हाताने लिहिला, आणि फक्त सह्यांची जागा दिसेल अशी घडी घातली.

"पर्सिव्हल, इकडे ये. साक्षीदार म्हणून सही करायचीय."

पर्सिव्हल पांढराफटक पडला. "मी, काका? अहो, काल घोड्यावरून पडलो ना, मनगट उचलवत नाही."

"काल घोडा नालबंदाकडे होता."

"हो, तिथंच पडलो."

पर्सिव्हलच्या पत्नी कायदा जाणून होत्या. त्या तत्काळ बेशुद्ध पडल्या. पडण्याआधी त्यांनी मऊ खुर्ची तेवढी जवळ ओढून घेतली.

"पाद्रीबुवा?"

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

"प्रार्थनेला साक्षीदार लागत नाहीत. मिसेस डोबल, तुम्ही या."

घर सांभाळणाऱ्या डोबलबाई पदराऐवजी ॲप्रनला डोळे पुसत म्हणाल्या, "मला कुठं लिहिता येतं, साहेब?"

"मग बावीस वर्षं मुरंब्याच्या बरण्यांवर नावं कोण लिहितंय?"

"ते मी पाठांतरानं लिहिते."

वकील ग्रिमशॉ यांनी तर हात मागे बांधूनच निवेदन केले. मृत्युपत्राची व्यवस्था बहुधा त्यांच्याकडे येणार. त्यांची फी कायद्याच्या नजरेत देणगी ठरते. सही केली तर फी बुडेल. आणि फी बुडणे हा वकिलीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

शेवटी गिरणीची घंटा वाजवून कामगार अंगणात जमवले. परंतु बातमी घंटेच्या आधी पोचली होती. एकशे ऐंशी माणसे रांगेत उभी राहिली आणि एकशे ऐंशी उजव्या हातांना पट्टी बांधलेली होती. लोकरीच्या गावात त्या दुपारी चिंधी मिळेनाशी झाली.

तेवढ्यात धुतलेल्या चादरी घेऊन हॅना स्कोफील्ड आत आली. ही घरची धोबीण. नऊ वर्षांची असताना गिरणीच्या यंत्रात तिची दोन बोटे गेली होती. सगळ्यांची तोंडे पाहून तिने काय अडले ते विचारले, आणि म्हणाली, "एवढंच ना? मी करते की. तीन बोटांनी जमतं मला."

क्रोथरसाहेब उशीवरून ताडकन उठून बसले. "तू नाही! हिला बाहेर काढा आधी!"

खोलीत सर्वांना जरा बरे वाटले. "माणसानं आपली पायरी ओळखावी," डोबलबाई म्हणाल्या. हॅनाने चादरी ठेवल्या आणि ती निघून गेली.

मग रस्त्यावरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा एक फिरस्ता पकडून आणला. त्याला या गावात कोणी काही कबूल केले नव्हते, त्यामुळे तो निरोगी होता. बियरच्या एका पेल्यावर तो फुली मारायला तयार झाला. एक साक्षीदार मिळाला. क्रोथरसाहेबांचा श्वास आता घरघरत होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"विगिन. ये."

खाणीच्या वाटेवर त्यांचे एक छोटे घर होते, दारात नाशपातीचे झाड. तेरा वर्षांत मी मनाने त्या घराला दोनदा रंग दिला होता.

"साहेब, चष्मा ऑफिसात राहिला."

"नाकावर आहे तुझ्या."

"हा लांबचा आहे, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. "गाढवा," ते म्हणाले, "तुला..." वाक्य तिथेच संपले. टाक चादरीवर पडला. सव्वाचार वाजले होते.

बिनसहीचा कागद कायद्याने रद्दी असतो. तो आम्ही केवळ जिज्ञासेपोटी उघडला. आत लिहिले होते: "माझे सर्व काही हॅना स्कोफील्ड हिला. तिचा हात यंत्रात सापडला तेव्हा यंत्र थांबवायला मी नाही म्हणालो होतो." बाकी कोणाचेही नाव नव्हते. आम्ही सगळेच निर्धास्त सही करू शकलो असतो. त्या गावात एकाच सहीत धोका होता.

पर्सिव्हल धाकट्या भावाचा; मृत्युपत्र नाही म्हटल्यावर त्या वेळच्या कायद्याने सारी स्थावर इस्टेट थोरल्या भावाच्या मुलाकडे गेली. हा होरेस; क्रोथरसाहेबांनी त्याला पूर्वीच घराबाहेर काढले होते. त्याने आठवड्याभरात पर्सिव्हल आणि डोबलबाई यांना तोच मान दिला आणि गिरणी विकली. "माणसानं वेळेवर मृत्युपत्र करू नये म्हणजे काय!" असे सगळे हळहळले. पाद्रीबुवांनी त्यावर लांबलचक प्रवचन दिले.

हॅनाला सांगायला मीच गेलो. ती कपडे पिळत होती.

"म्हणजे मला हाकललं ते यासाठी?"

"हो."

"आणि तुम्ही तिथंच होतात?"

"होतो."

"लिहिता येतं ना तुम्हाला?"

"तोच माझा धंदा आहे, बाई."

ती पिंपाकडे वळली. "बाजूला व्हा. पाणी उडेल."

आता मीही म्हातारा झालो आहे, आणि माझे मृत्युपत्र लिहून तयार आहे. एक साक्षीदार मोठ्या मिनतवारीने मिळाला; तो शेजारच्या खोलीत बसला आहे. दुसरा हवा. तुम्ही माझ्या नात्याचे नाही, गावाचे नाही, आणि इतका वेळ या माणसांना मोकळेपणाने हसलात, म्हणून तुम्हाला विचारतो. शाई ताजी आहे. इथे, खाली, नाव घाला.

पण तुम्ही घडी का उचकटून बघताय?