पाचवा धडा

कंपनीचा गेम कन्सोल बाजारात सपशेल आपटला आणि पुढच्या कन्सोलसाठी त्यातून काय शिकायचं, याचा अहवाल तक्रार विभागाच्या काकांवर आला. आला कसला, त्यांनी तो मागूनच घेतला. तीन वर्षं गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यांनीच तर खाल्ल्या होत्या!

"झकास लिहा काका," साहेब म्हणाले. "नव्या कन्सोलच्या टीममध्ये तुमची खुर्ची पक्की."

जुनी टीम महिनाअखेर बंद होणार होती, आणि काकांच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. काकांनी आठवडाभर खपून पाच धडे लिहिले. पंखा मोठा बसवा, अर्ध्या तासात मशीन तापून बंद पडतं. नुसत्या तीन गेमवर बाजारात उतरू नका. मशीनमध्ये नसलेलं जाहिरातीत दाखवू नका. किंमत परवडेल अशी ठेवा. आणि पाचवा, तक्रारी वरपर्यंत पोचू द्या.

पण कंपनीत अहवालावर प्रत्येक खातेप्रमुखाची सही लागायची.

"अहो, पंखा छोटा म्हणून तर मशीन देखणं दिसलं!" डिझाइनवाले म्हणाले. पहिला धडा खोडला, मग सही केली.

"तीन कुठे? चौथा येतच होता की!" गेमवाल्यांनी दुसऱ्यावर काट मारली.

जाहिरातवाल्या बाईंनी तिसरा न वाचताच खोडला. चौथ्यावर साहेब नुसते हसले. "किंमत कुणी ठरवली होती, आठवतंय ना?" तो काकांनी मुकाट्याने स्वतःच खोडला.

उरलेला एकच धडा साहेबांनी दोनदा वाचला. "म्हणजे तक्रारी वर पोचल्याच नाहीत तर! आणि तक्रार विभाग तुमचा."

"साहेब, दर सोमवारी पत्र लिहीत होतो मी!"

"पोचली असती तर आम्ही गप्प बसलो असतो का?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हाही खोडतो!"

"आणि वर काय कोरा कागद पाठवू? सही करा."

काकांनी झक मारत सही केली. नव्या टीमच्या यादीत झाडून सगळे होते, काका तेवढे नव्हते. निरोपाला टाळ्या मात्र खूप पडल्या, आणि भेट म्हणून गोदामात पडून राहिलेला एक कन्सोल मिळाला.

घरी बायकोने तो लावून पाहिला. अर्ध्या तासाने मशीन तापून बंद पडलं.

"अहो, हे बिघडलेलंच दिलंय की तुम्हाला! तक्रार करा ना."

"केली असती गं," काका म्हणाले, "पण तिथे आता कुणी बसत नाही."