डॉक्टरांची शांत जागा

व्याख्यानाला जेमतेम अर्धा तास उरला असताना डॉक्टरांचा एक काळा मोजा सापडेना.

शर्ट अंगावर होता, टाय गळ्यात होता, कडक इस्त्रीची पँट पलंगावर पसरून ठेवली होती. कमरेला मात्र अजून घरातली पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची चड्डी होती आणि एका पायात मोजा. कपाटाचे सगळे खण उचकून झाले, पलंगाखाली डोकं घालून झालं. शेवटी डॉक्टरांनी खण धाडकन लावला आणि म्हणाले, "माणसाला स्वतःच्या घरात स्वतःचा मोजा मिळू नये म्हणजे काय! कुणी हात लावला माझ्या मोज्याला?"

दारात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा उभा होता. घरातले त्याला फौजदार म्हणत, कारण कुणीही कुठलाही नियम मोडला की हा तिथे हजर.

"बाबा, तुझा आवाज वाढला," फौजदार म्हणाला.

"वाढला नाही. मी फक्त विचारतोय."

"खण पण आपटलास."

"मोजा कुठाय माझा?"

"गॅलरीत. दोरीवर."

डॉक्टर तरातरा गॅलरीत गेले. दोरीवरच्या मोज्याचा चिमटा काढेपर्यंत मागे काचेचं दार लागलं आणि खालची कडी खटकन बसली. डॉक्टरांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे फौजदार हातात वाळूचं घड्याळ घेऊन उभा होता. त्याने ते शांतपणे उलटं करून जमिनीवर ठेवलं.

"ही शांत जागा आहे," तो म्हणाला. "वाळू संपली की चूक सांगायची. मग मी उघडणार."

आता शब्दन् शब्द डॉक्टरांचाच होता, हे कबूल करायला हवं. डॉक्टर बालरोगतज्ज्ञ. दिवसभर त्यांच्या दवाखान्यात आया रडकुंडीला येऊन सांगत, की बाळ हातातली प्रत्येक वस्तू खाली टाकतं, दोन वर्षांचा येणाऱ्याजाणाऱ्याला चावतो, चार वर्षांची 'का?' विचारून जीव नकोसा करते, चौदा वर्षांची खोलीचं दार लावून बसते ती जेवायलाच बाहेर येते. डॉक्टर समोरच्या कागदावरून नजर न उचलता सगळ्यांना एकच वाक्य सांगत, "वयानुसार नॉर्मल आहे. धीर धरा." मग आई घरी जायची, थोडीशी निश्चिंत आणि बरीचशी अपमानित होऊन.

आजचं व्याख्यान समोरच्याच शाळेच्या सभागृहात होतं आणि विषय होता 'न ओरडता मूल वाढवा'. त्यातला हुकमी भाग म्हणजे ही शांत जागा. ज्याचा आवाज वाढेल त्याने जाऊन स्टुलावर बसायचं, वाळू संपेपर्यंत गप्प राहायचं, मध्येच ओरडलं तर घड्याळ पुन्हा उलटं. नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखा, असंही डॉक्टरांनी घरात जाहीर केलं होतं, आपल्याला तो कधी लागू पडेल अशी शंकासुद्धा न येता. पुरावा म्हणून ते स्वतःच्या मुलाचं उदाहरण देणार होते. फौजदार इतका तयार झाला होता, की हल्ली रोज दुपारी कुरकुर न करता, कधी कधी तर कुणी सांगायच्या आत, स्टूल उचलून गॅलरीत जाऊन बसायचा. डॉक्टरांना या गोष्टीचा भारी अभिमान होता.

"हे बघ राजा," डॉक्टर मधाळ आवाजात म्हणाले, "बाबाला आज भाषण आहे ना? आत्ता कडी काढ, आपण शांत जागा रात्री खेळू."

"शांत जागा खेळ नसतो. तूच म्हणालास."

"हो, पण आज घाई आहे."

"मला पण त्या दिवशी शू लागली होती," फौजदार म्हणाला, "तरी तू वाळू संपेपर्यंत उघडलं नव्हतंस."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसाला शंभर मुलं तपासणारा, गावातले आईबाप ज्याच्या शब्दाबाहेर नाहीत असा माणूस, आणि त्याने चड्डीवर स्टुलावर बसायचं? कुणाच्या हुकमावरून? ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही त्याच्या!

"उघड म्हणतो ना!" डॉक्टर ओरडले.

फौजदाराने घड्याळ उलटं केलं.

तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग धरला. घरात थोरली मुलगी होती, चौदा वर्षांची. आई आणि आत्या पुढच्या रांगेतल्या खुर्च्या धरायला सभागृहात गेल्या होत्या आणि लहानग्यांना सांभाळायचं काम ताईकडे होतं. ते ती स्वतःच्या खोलीत, दार बंद करून, दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं घालून पार पाडत होती.

"ताईला बोलाव. जा, दार वाजव तिचं."

"ताईचं दार बंद असलं की वाजवायचं नाही. तिला एकान्त लागतो. तिच्या वयाला."

हेही डॉक्टरांचंच. मागच्याच महिन्यात त्यांनी बायकोला पाऊण तास समजावून सांगितलं होतं, की या वयात बंद दाराचा मान राखला पाहिजे. बायकोने शेवटी हात टेकले होते. आता ते बंद दार डॉक्टरांना काचेतून समोरच दिसत होतं आणि त्याचा मान राखला जात होता.

"मग माझा फोन दे. वरच्या झरोक्यातून टाक."

"फोन चिमीकडे आहे."

चिमी म्हणजे डॉक्टरांच्या बहिणीची दहा महिन्यांची मुलगी. ती बैठकीच्या खोलीत जाळीच्या कुंपणात उभी होती आणि तिच्या हातात खरोखरच डॉक्टरांचा फोन होता. तिने तो कुंपणाबाहेर टाकला. फोन फरशीवर आपटला. चिमीने वाकून पाहिलं आणि हात पुढे केला. फौजदाराने धावत जाऊन फोन उचलून तिला परत दिला. तिने तो पुन्हा टाकला.

"अरे, तिला देतोस काय! फुटेल तो!"

"टाकलेली वस्तू पुन्हा दिसते का ते ती शिकतेय," फौजदार म्हणाला. "तू आत्याला सांगत होतास. आणि बाबा, तू परत ओरडलास."

घड्याळ उलटं झालं.

डॉक्टर दुपारपासून गॅलरीतच राहिलेल्या स्टुलावर बसले. बसताना स्वतःशीच म्हणाले, की बसतोय तो पाय दुखले म्हणून, नियम म्हणून नव्हे. समोर रस्त्यापलीकडे शाळा होती. तिच्या शेजारी एक इमारत अर्धी बांधून झाली होती आणि तिच्यावर उंच पिवळी क्रेन उभी होती. शाळेच्या फाटकातून माणसं आत जात होती. नटूनथटून आलेले आईबाप, कडेवर मुलं. व्याख्याता त्यांना वरून पाहत होता.

"बाबा," काचेला नाक लावून फौजदाराने विचारलं, "क्रेन वळली का?"

"गेली खड्ड्यात क्रेन!" डॉक्टर म्हणाले, पण कुजबुजत. वाळू अर्ध्यावर आली होती.

तेवढ्यात खालून हाक आली. "डॉक्टर! तुम्ही अजून इथेच?"

खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा चावतो, ही तक्रार घेऊन त्या तीन वेळा दवाखान्यात आल्या होत्या आणि तिन्ही वेळा तेच वाक्य ऐकून परत गेल्या होत्या. डॉक्टरांनी टाय पुढे ओढून जमेल तितकं झाकून घेतलं आणि कठड्यावरून हळू आवाजात सांगितलं, "जरा वर जाऊन बेल वाजवता का? दार लागलंय. थोरली उघडेल."

बाई वर गेल्या. बेल वाजली. बेलसुद्धा ताईच्या कानांतल्या बोंडांपलीकडे पोचली नाही. फौजदार दाराशी गेला, काहीतरी बोलला आणि परत आला. थोड्या वेळाने बाई पुन्हा रस्त्यावर उगवल्या. आता त्यांच्यासोबत व्याख्यानाला निघालेली आणखी पाचसहा माणसं थांबली होती.

"डॉक्टर, तो दार उघडत नाही हो!" बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "म्हणतो, मोठं माणूस सांगेल तेव्हाच उघडायचं. मी म्हटलं, मग बाबांना विचार. तर म्हणतो, बाबा शिक्षेवर आहेत!"

खाली कुणीतरी फिसकन हसलं.

"शिक्षा नव्हे!" डॉक्टरांना राहवेना. "ती शिक्षा नसतेच मुळी! ती शांत होण्याची जागा आहे! त्यात अपमान वगैरे काही नसतो!"

"मग तुम्ही एवढे चिडलात कशाला?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांजवळ याला खूप उत्तरं होती, पण एकही सभ्य नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि वाळूकडे पाहिलं. चिमूटभर उरली होती. एवढी पडली, की दोन शब्दांत चूक सांगायची, पँट चढवायची आणि रस्ता ओलांडायचा. ते डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लागले. हेही भाषणात होतं.

आत ठण्णकन आवाज झाला. फोनला यावेळी मधोमध तडा गेला होता. चिमी आनंदाने टाळ्या वाजवत होती.

मग मात्र डॉक्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला तोड नव्हती. क्रेनवरच्या माणसाने खाली वाकून पाहिलं. "फौजदाऱ्या! कडी काढ! नाहीतर दार फोडून आत येईन! हा अन्याय आहे! मी मोठा आहे! मला कुणी विचारत का नाही? मोजा मी घेतला होता का? सगळं घर माझ्यावर टपलंय!" असं म्हणून त्यांनी एक पाय, मोजावाला, जमिनीवर दाणकन आपटला.

खाली गर्दी वाढली होती. पंधरावीस माणसं माना वर करून पाहत होती. त्यातल्या काहींच्या हातात मोबाइल होते.

फौजदाराने घड्याळ उलटं केलं. "बाबा," तो समजुतीने म्हणाला, "पाय आपटून काही मिळत नसतं."

आणि कुणी दार न वाजवता ताईच्या खोलीचं दार उघडलं. ताई बाहेर आली ती लालबुंद होऊन, मोबाइल पुढे धरून.

"बाबा! माझ्या वर्गाच्या ग्रुपवर तुझी चड्डी आलीये!"

"कडी काढ आधी."

"सगळे विचारतायत, हे कोण काका? मला उद्या शाळेत जायचंय! तुला काही वाटतं का रे माझं?"

"कडी!"

"वाळू संपली नाही," फौजदार कडीसमोर हात पसरून उभा राहिला. "चूक पण सांगितली नाही त्याने."

ताईने त्याला बाजूला सारलं आणि कडी काढली. डॉक्टर आत आले, पँट चढवली, बूट घातले आणि निघाले. दुसरा मोजा घाईत दोरीवरच राहिला.

सभागृह भरून माणसं मागे उभी होती. आजवर त्यांच्या कुठल्याच व्याख्यानाला इतकी गर्दी झाली नव्हती. डॉक्टरांनी घसा खाकरला, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हात वर केला.

"भाषणाआधीच विचारते, डॉक्टर. त्या शांत जागेत बसल्यावर मुलाला नेमकं काय वाटतं?"

डॉक्टरांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. तिथे 'मूल आत्मपरीक्षण करतं' असं लिहिलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवले.

"संताप येतो हो!" ते म्हणाले. "नुसता संताप! चूकबीक काही आठवत नाही. काच फोडावीशी वाटते. आपलं कुणी ऐकत नाही आणि वर सगळं जग आपल्याला धीर धरायला सांगतं, याची अशी चीड येते म्हणून सांगू! पाच वर्षांच्या पोराला तिथे बसवायचं म्हणजे जुलूम आहे, शुद्ध जुलूम! माझ्या घरी तो आजपासून बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत बायको चकित होऊन नवऱ्याकडे आणि त्याच्या उघड्या घोट्याकडे आळीपाळीने बघत होती.

डॉक्टर घरी आले ते भरून आलेल्या मनाने. आल्या आल्या त्यांनी फौजदाराला जवळ घेतलं, घड्याळ कपाटावर उंच ठेवून दिलं आणि स्टूल स्वयंपाकघरात नेलं.

"राजा, बाबाचं चुकलं. आजपासून शांत जागा बंद. तुला पुन्हा कधीही गॅलरीत बसावं लागणार नाही."

फौजदाराचा चेहरा पडला. त्याने भोकाड पसरलं. "नाही! का बंद? मग मी क्रेन कुठून बघू?"

"क्रेन?"

"दुपारी क्रेन वळते ना! एरवी आई गॅलरीत जाऊ देत नाही. ओरडलं, सांडलं, फोडलं की जायला मिळतं!"

ताई सावकाश म्हणाली, "म्हणजे रोज दुपारी तू दूध सांडतोस, ते…"

"आणि माझी काचेची बरणी?" आई म्हणाली.

"आणि माझे चष्मे?" डॉक्टरांचा आवाज चढू लागला. "दोन चष्मे फोडलेस, ते क्रेनसाठी? भर सभेत मी रडकुंडीला येऊन सांगितलं, की या पोरावर जुलूम झाला! तोंडावर पाडलंस मला! ऊठ! आधी ऊठ इथून! जा, गॅलरीत जाऊन बस!"

फौजदाराचं रडणं तत्क्षणी थांबलं. त्याने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, गॅलरीत जागच्या जागी ठेवलं आणि आपल्या हाताने काचेचं दार ओढून घेतलं. अंधारून आलं होतं. क्रेनच्या टोकावर लाल दिवा लागला होता. या वेळेला त्याला आजवर कुणी गॅलरीत पाठवलं नव्हतं.

डॉक्टरांनी कपाटावरचं घड्याळ काढलं, उलटं केलं आणि जमिनीवर ठेवलं.

काचेवर टकटक झाली.

"बाबा," पलीकडून समजुतीचा आवाज आला, "मी पण ओरडलो, तू पण ओरडलास. दोनदा उलटं कर."