हातभर अंतर

मागावरच्या विणकामाची रुंदी मोजायला पार्सलमास्तरांनी तिसऱ्यांदा टेप लावली. खाली एकवीस इंच, मध्यावर साडेएकोणीस आणि आज सकाळी विणलेल्या ओळीवर जेमतेम अठरा. टेपच बिघडली असणार, असं ठरवून त्यांनी शिवणाच्या डब्यातली दुसरी टेप आणली. तिनेही तीच साक्ष दिली.

मास्तरांची एकतीस वर्षं पोस्टात पार्सलं बांधण्यात गेली होती. त्यांनी आवळलेली सुतळी दातानेही सुटत नसे. निवृत्तीनंतर ते चित्रविणकामाच्या वर्गाला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "काका, आडवा धागा ओढायचा नाही. कमान करून सैल सोडायचा, मग जेवणाच्या काट्याने ठोकून बसवायचा. ओढलात तर कडा आत येतात." मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि घरी येऊन प्रत्येक ओळ पार्सलासारखी आवळली. डोक्याला पटलं होतं, पण हात काही केल्या ऐकत नव्हते.

विणायला घेतला होता लग्नानंतर महिन्याभरात काढलेला दोघांचा एकुलता एक फोटो. बागेतला बाक, डावीकडे बायको, उजवीकडे मास्तर, मध्ये हातभर अंतर. फोटो इतका विटला होता की आणखी दोन वर्षांत बाकच तेवढा उरला असता. चेहरे ओळखू येताहेत तोवर ते लोकरीत उतरवून बायकोच्या हाती द्यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. शनिवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. तोवर तिला दिसू नये म्हणून मागावर कायम चादर असे.

"अहो, घरातला एकही काटा जागेवर नाही," बायको दारातून म्हणाली.

"कामात आहेत."

"आणि कात्री?"

"तीही कामात आहे."

"मग घरात बिनकामाचं कोण आहे ते तरी सांगा, म्हणजे दळणाला पाठवते."

ती गेल्यावर मास्तरांनी बाईंना फोन लावला.

"बाई, कडा आत आल्यात. तीन इंच."

"कुठपासून?"

"गुडघ्यांपासून."

"मग गुडघ्यांपर्यंत उसवा."

"आज मंगळवार आहे, बाई."

"मग आजच उसवायला बसा."

मास्तर उसवायला बसले नाहीत. उसवलं असतं तर शनिवारी भिंतीवर फक्त चार पाय लागले असते. धाग्यांमागे लावलेला चित्राचा कागद होता एकवीस इंची, आणि विणायला जागा उरली होती अठरा. त्यांनी आधी बाकाशेजारची कुंडी रद्द केली. मग बाकाचे दोन्ही हात गेले. बुधवारी कोपरांची पाळी आली. स्वतःचा कोपर छाटायला त्यांची हरकत नव्हती, पण दुसऱ्या टोकाला बायकोचाही कोपर होता.

त्यांनी कात्री घेतली, कागद मधोमध उभा कापला आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांकडे बोटभर सरकवली. हात मात्र धागा आवळतच होते, त्यामुळे गुरुवारी सकाळी पुन्हा बोटभर सरकवणं आलं. संध्याकाळी खांद्याला खांदा लागला. शुक्रवारी डोकी विणायची तर जागाच नव्हती. शेवटी दोन्ही कागद वरून तिरके केले, तेव्हा कुठे डोकी मावली, तीही एकमेकांना टेकून.

शनिवारी भिंतीवर सगळ्यांची चित्रं चौकोनी होती. मास्तरांचं तेवढं पालथ्या बादलीसारखं. बाई टेप घेऊन आल्या.

"काका, वीण सुरेख आहे. पण पहिल्या दिवशी सांगितलेली चूक इतक्या नेमाने कुणी केलेली मी पाहिली नाही."

"सोमवारी सगळं उसवतो, बाई," मास्तर मान खाली घालून म्हणाले.

बायको चित्रासमोर कधीची उभी होती. तिने खाली पाहिलं. पाय एकमेकांपासून हातभर लांब. मग नजर वर नेली. गुडघे, हात, खांदे. मग डोकी.

"हे असं कसं झालं?" तिने विचारलं.

"त्याचं काय आहे काकू," बाई पुढे झाल्या, "धागा ओढला की कडा..."

"तुम्ही थांबा, बाई. मी यांना विचारतेय. अहो, हे चुकून झालं की ठरवून?"

एकतीस वर्षांत मास्तरांनी कुठल्याही पार्सलावर एक ग्रॅमही खोटं वजन लिहिलं नव्हतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"ठरवून," ते म्हणाले.

बाईंनी टेप गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि त्या पुढच्या चित्राकडे वळल्या.

बायकोने लोकरीतल्या दोन डोक्यांवरून हलकेच बोट फिरवलं. "उसवायला हात लावाल तर खबरदार," ती म्हणाली. मग ती हळूच म्हणाली, "तो फोटोवाला तेव्हा दोनदा म्हणाला होता, जवळ सरका म्हणून."

"ऐकलं होतं मी," मास्तर म्हणाले. "दोन्ही वेळा."