कोंबडा आणि खोबरेल

जपानी पाहुण्यांची एक बॅग विमानप्रवासात हरवली आणि नेमकं त्याच बॅगेत त्यांचं बंड होतं.

बंड म्हणजे केसांना लावायच्या घट्ट मलमाचे डबे. ‘नागोया थंडर बॉइज’ या बँडमधली तीन पोरं त्याच्या जोरावर जपानभर गाजली होती. काळी लेदर जॅकेटं, टोकदार बूट, तिरकी नजर आणि कपाळावर वीतभर उंच केसांचा कोंबडा. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतली उनाड पोरं जशी दिसायची तसं हुबेहूब दिसणं, हा त्यांचा धंदा. आता १९८५च्या जानेवारीत ती पोरं खुद्द अमेरिकेत आली, तेव्हा इथं तसं दिसणारा एकही माणूस उरलेला नव्हता. उरले होते ते टक्कल पडून बँकेत मॅनेजर झाले होते.

या बंडखोरांना विमानतळावरून आणायचं काम शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहणाऱ्या गिरीश केळुसकरांकडे आलं. केळुसकर ज्या कंपनीत स्पीकर डिझाइन करायचे, तिचा नागोयाच्या एका कॅसेट प्लेअरवाल्या कंपनीशी करार व्हायचा होता. सही शनिवारी संध्याकाळी, कंपनीच्या हॉलमध्ये, जेवणानंतर. थंडर बॉइज त्या कॅसेट प्लेअरच्या जाहिरातीत झळकत असल्यामुळे सहीआधी त्यांचं गाणं ठेवलेलं होतं.

“गिरीश, सही झाली तर आपण इथंच,” केळुसकरांचा साहेब वॉल्टर म्हणाला होता. “नाही झाली तर डिपार्टमेंट बंद. मग तू आणि मी शेजारी शेजारी बसून रेझ्युमे टाइप करू.”

“पण एअरपोर्टला मीच का?”

“तू एशियन आहेस. तुझं त्यांच्याशी जमेल.”

केळुसकरांचं गिरगावातल्या सख्ख्या मेव्हण्याशी जमत नव्हतं. पण नोकरीचा प्रश्न होता. ते शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन गेले आणि तीन बंडखोर व त्यांचे मॅनेजर ओनिशी यांना घेऊन निघाले. तोवर बर्फ असं काही पडायला लागलं की शहरातल्या हॉटेलकडे जाणारा रस्ताच बंद झाला. केळुसकरांनी गाडी घराकडे वळवली.

घरात शिरताना तिन्ही पोरांनी बूट काढले, टोकं दाराकडे करून ओळीत लावले आणि पद्मजाताईंना कमरेत वाकून नमस्कार केला.

“अगंबाई, किती वळणाची पोरं!” पद्मजाताई नवऱ्याला म्हणाल्या. “आणि तुम्ही म्हणत होतात गुंड येणारेत.”

“गुंड स्टेजवर असतात गं. घरी कशाला असतील?”

पद्मजाताईंनी त्यांना आमटीभात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी काढून दिलं, “डोक्यावरून आंघोळ करा, प्रवासाचा शीण जातो,” असंही सांगितलं. पोरं आज्ञाधारक. डोक्यावरून आंघोळ करून आली. त्यानंतर मलमाचे डबे शोधताना ओनिशींना समजलं, की ते ज्या बॅगेत होते ती बॅग शिकागोला आलीच नाही. तिघांचे धुतलेले केस कपाळावर पडले होते आणि ते दहावीच्या निकालाला आल्यासारखे दिसत होते. ओनिशी जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

“सॉरी. व्हेरी सॉरी,” ते म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू व्हायचं. “कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. स्टेजवर केस उंच. हसायचं नाही. हात खिशात. केस खाली, तर कॉन्ट्रॅक्ट मोडलं. चेअरमन हिराबायाशीसान स्वतः समोर बसणार.”

“चेअरमन चिडले तर?” केळुसकरांनी विचारलं.

“चेअरमन चिडले, तर काही साइन करत नाहीत. एकदा सूप गार होतं, म्हणून एक फॅक्टरी घेतली नाही.”

केळुसकर त्याच पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात त्यांची चौदा वर्षांची रुपाली डोळे चोळत खाली आली. तिनं पोरांच्या काळ्या जॅकेटांकडे नीट पाहून घेतलं. “डॅड, इज इट फिफ्टीज डे ऑर समथिंग?”

“रुपाली, तुझा तो केसांचा स्प्रे कुठाय?”

“यू थ्रू इट आउट! तुम्ही म्हणालात, इट स्मेल्स लाइक रोच स्प्रे.”

“झुरळांच्या औषधासारखा? मी म्हणालो?”

“इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स, डॅड.”

बर्फामुळे दुकानं बंद होती. शेजारच्या नोव्हाकबाईंकडे फोन करून पाहिला. त्यांच्याकडे कुत्र्याच्या केसांचं काहीतरी होतं, तेही उवांचं. रस्ते दुपारनंतर मोकळे होतील, असं रेडिओ सांगत होता. म्हणजे हॉलला पोचता आलं असतं, पण कोंबड्याशिवाय.

“एवढं काय घाबरताय?” पद्मजाताई म्हणाल्या. “आपलं खोबरेल आहे की.”

“खोबरेलानं केस बसतात, पद्मजा. आपल्याला उभे करायचेत.”

“मुंबईत बसतात. इथं बघा.” त्यांनी कपाटातली बाटली काढून उलटी केली. एक थेंब पडला नाही. आतलं तेल मेणबत्तीसारखं पांढरं आणि घट्ट झालं होतं. केळुसकर काटकसरीनं हीटर इतका कमी ठेवायचे, की त्या घरात नोव्हेंबरपासून खोबरेल कुणी वाहताना पाहिलेलं नव्हतं. कोणत्याही काटकसरीचा असा जाहीर उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

ओनिशींनी तेलाच्या पांढऱ्या गोळ्यावर बोट टेकलं, वास घेतला आणि पहिल्यांदाच ‘सॉरी’ न म्हणता म्हणाले, “ट्राय.”

स्वयंपाकघरात पाट मांडला गेला. सगळ्यात आधी गायक केंजी बसला. इथं एक अडचण आली. पद्मजाताईंना केसांना नुसतं तेल लावता येत नव्हतं. तेलाला हात लागला, की त्यांची बोटं आपोआप चंपी करू लागत. चंपीनं डोकं गरम होई, तेल वितळे आणि केस पुन्हा कपाळावर. आणि केंजी? बंडखोरांचा तो म्होरक्या पाटावर बसल्या बसल्या घोरायला लागला.

“अहो, चोळू नकोस!” केळुसकर ओरडले. घाईत त्यांची एकेरी-अहो यांची खिचडी झाली.

“चोळल्याशिवाय कसं मुरेल?”

“मुरवायचं नाहीये! वर ठेवायचंय!”

“मग त्याला बाहेर गार करा.”

बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. मागचं दार उघडून तिघांना ओळीत उभं केलं. ओनिशी कंगव्यानं केस वर उचलून धरत, केळुसकर पोरांची मान धरत, आणि थंडी आपलं काम करी. बघता बघता पहिला कोंबडा उभा राहिला. टिचकी मारली तर टक्कन आवाज यावा असा. असा कोंबडा थंडर बॉइजच्या डोक्यावर जपानमध्येही कधी उभा राहिला नव्हता.

फोन वाजला. नोव्हाकबाई होत्या. “पद्मा, तुमच्या मागच्या दारात तीन मुलं डोकी बाहेर काढून उभी आहेत. आजारी आहेत का?”

“नाही हो. मेकअप चाललाय.”

“ओ,” नोव्हाकबाई म्हणाल्या आणि पडदा लावल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला.

आता प्रश्न उरला तो कोंबडे हॉलपर्यंत न्यायचा. गाडीत हीटर लावला, तर तेल वितळणार. मग हीटर बंद आणि सगळ्या काचा खाली, अशी ती गाडी निघाली. केळुसकरांनी दोन टोप्या घातल्या होत्या. पुढं ओनिशींशेजारी दाटीवाटीनं बसलेल्या पद्मजाताई भरजरी साडीवर रुपालीची स्लीपिंग बॅग पांघरून होत्या. मागं तिघं बंडखोर ताठ मानेनं, वाऱ्याला तोंड देत बसलेले. गारठ्यानं त्यांचे चेहरे असे थिजले होते, की ‘हसायचं नाही’ हे कलम आपोआपच पाळलं गेलं.

“अहो, माझे दात वाजतायत,” पद्मजाताई म्हणाल्या.

“माझी नोकरी वाजतेय, त्याचं काय?”

हॉलमध्ये बँडला स्टेजमागं बसवायची सोय होती, पण तिथं ऊब होती. म्हणून केळुसकरांनी तिघांना जिथं ट्रकमधला माल उतरवतात त्या उघड्या शेडमध्ये उभं केलं. वॉल्टर शोधत आला.

“पाहुण्यांना इथं का ठेवलंयस?”

“त्यांना थंडी आवडते.”

“कमाल आहे,” वॉल्टर म्हणाला आणि आदरानं आत गेला.

चेअरमन हिराबायाशी सत्तरीचे, बुटके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. जेवणभर त्यांनी एक शब्द काढला नाही. पद्मजाताई टेबलाशी समोरच होत्या, तर त्यांच्याकडे बघून हिराबायाशींनी फक्त एकदा मान हलवली. सूप मात्र गरम होतं, याची केळुसकरांनी स्वतः बोट बुडवून खात्री करून घेतली होती.

बँड स्टेजवर आला. टाळ्या झाल्या. आणि मग दिवे लागले.

ते मोठे, पिवळे, खास मागवलेले दिवे होते. कोंबड्यांची काय अवस्था होणार, हे केळुसकरांना पहिला दिवा लागताच समजलं. सकाळपासून त्यांनी थंडीचा विचार केला होता, गाडीचा केला होता, शेडचा केला होता. दिव्यांचा केला नव्हता.

पहिल्या कडव्यात केंजीच्या कपाळावर एक थेंब ओघळला. दुसऱ्या कडव्यात कोंबडा पुढं झुकला, जणू समोर कोण बसलंय ते पाहतोय. केंजीनं बंडखोर थाटात खिशातून कंगवा काढून केस मागं ओढले, तर ते मागं न जाता दोन्हीकडे चापून बसले. गिटारवाल्याच्या हातावर तेल ओघळलं आणि त्याची बोटं तारांवरून घसरत नको त्या सुरांवर गेली. ढोलवाल्याच्या हातातली काठी निसटली ती वॉल्टरच्या केकमध्ये उभी राहिली. सगळ्या हॉलभर खोबऱ्याचा वास दरवळला. गाणं संपलं तेव्हा तीन पोरं मधोमध भांग पाडून, तेलानं चकचकीत डोक्यांनी उभी होती. आता शाळेची घंटा होईल आणि रांगेनं वर्गात जातील, अशी.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे चेअरमनकडे बघत होते.

हिराबायाशी उठले. सावकाश स्टेजजवळ गेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी केंजीचं कपाळ पुसलं आणि जपानीत काहीतरी विचारलं. ओनिशींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“चेअरमनसान विचारतात,” त्यांच्यामागून आलेली दुभाषी म्हणाली, “हे केस कुणी केले?”

वॉल्टरनं केळुसकरांकडे पाहिलं. ओनिशींनी केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकर इमानानं आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “मी नाही! माझ्या बायकोनं!”

टेबलापाशी बसलेल्या पद्मजाताईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती थंडर बॉइजना सात जन्मांत जमली नसती.

हिराबायाशी पद्मजाताईंसमोर आले. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. इतका खोल, की शेजारच्या दोन डायरेक्टरांना उठून उभं राहणं भाग पडलं. मग ते बोलू लागले आणि थांबेचनात. दुभाषी धापा टाकत सांगू लागली.

“चेअरमनसान म्हणतात, त्यांच्या आई नव्वदीच्या पुढं आहेत. दर वेळी टीव्हीवर जाहिरात लागली की त्या विचारतात, या पोरांच्या आया कुठे गेल्या? कुणी यांच्या डोक्याला तेल लावत नाही का? कंपनीत चेअरमनसानना कुणी उलट उत्तर देत नाही, घरी ते आईला उत्तर देऊ शकत नाहीत. गेली दोन वर्षं ते जाहिरात लागली, की दुसऱ्या खोलीत जातात. मार्केटिंगवाले म्हणतात, बंड विकलं जातं, म्हणून ते गप्प. आज...” दुभाषी थांबली, कारण चेअरमन डोळे पुसत होते. “आज त्यांना फोटो हवाय. मुलांचा आणि मॅडमचा. आईला दाखवायला.”

फोटो निघाला. केंजीनं हसायचं नाही हे कलम त्या दिवशी मोडलं, आणि ओनिशींनी ‘सॉरी’ म्हटलं नाही. नंतर वॉल्टरच्या टेबलावर केकच्या डागांनी माखलेला करार उघडला गेला आणि हिराबायाशींनी तो न वाचताच सही केली.

त्यानंतर चेअरमननी पद्मजाताईंना आपल्या शेजारी बसवून घेतलं. दुभाषीला मध्ये घालून दोघांची चर्चा रंगली. टाळूवर किती तेल, कानामागं किती, थंडीत आधी बाटली कोमट करावी की नाही. केळुसकरांना तिथं खुर्चीच नव्हती. ते कोटांचा ढीग सांभाळत कोपऱ्यात उभे राहिले.

वॉल्टर त्यांच्याजवळ आला. “डिपार्टमेंट वाचलं.”

“आणि माझी नोकरी?”

“तीही. चेअरमननी सांगितलंय, पुढच्या सगळ्या मीटिंगना तुझी बायको हवी.” वॉल्टरनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. “तू आहेस तोवर आहेस, गिरीश. म्हणजे तिचा नवरा आहेस तोवर.”

केळुसकरांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी कोटांचा ढीग खाली ठेवला, टेबलावरचा एक स्वच्छ ग्लास उचलला, पाण्यानं भरला आणि कुणी न सांगता पद्मजाताईंपुढं नेऊन धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हे पहिल्यांदाच घडत होतं.

पद्मजाताईंनी मान वळवली नाही. हिराबायाशींना काहीतरी समजावता समजावता त्यांनी ग्लास घेतला, एक घोट घेऊन परत पुढं केला.

“बर्फ टाकलाय यात. साधं आणा.”

“आत्ता आणतो,” केळुसकर म्हणाले आणि जवळजवळ धावतच गेले.